जुने वेल्डिंग मशीन घेताना : सांगली-मिरज परिसरातील लहान वर्कशॉपसाठी

सांगली जिल्ह्यात जुन्या वेल्डिंग मशीनला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. उसाच्या ट्रॉल्या, द्राक्षबागेचे अँगल, बेदाण्याच्या शेड, घरांची गेट आणि ग्रिल ही कामे गावोगाव चालतात आणि ती करणारी बहुतेक वर्कशॉप एक-दोन माणसांचीच असतात. मशीन, केबल, ग्राइंडर, कटर आणि जागेचे डिपॉझिट हा सगळा खर्च एकदम उभा करणे नव्या कारागिराला जड जाते. त्यामुळे जुन्या मशीनवर सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही. चांगले तांब्याचे ट्रान्सफॉर्मर मशीन नीट वापरले, तर घेणाऱ्याच्या पुढच्या पिढीलाही पुरते. प्रश्न इतकाच की चांगले कोणते, हे ओळखायचे कसे.

भंगाराच्या दुकानात थंड पडलेल्या आणि नुकताच रंग मारलेल्या मशीनकडे पाहून त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही. मशीन तापलेले पाहावे, त्यावर आपले स्वतःचे रॉड जाळावेत आणि त्यानंतरच पैशांची बोलणी करावी. शक्य असेल तर विकणाऱ्याच्या चालू वर्कशॉपमध्ये संध्याकाळी, दिवसभराचे काम झाल्यावर जावे, कारण त्या वेळी मशीन जे दाखवते ते सकाळी दाखवत नाही. जो विक्रेता लोडवर चालवून दाखवण्यास तयार नसेल, त्याच्याकडून वेल्डिंग मशीन म्हणून काही घेऊ नये. घ्यायचेच असेल तर तांब्या-लोखंडाच्या वजनाने घ्यावे.

आधी काम आणि वीज

बाजारात जाण्यापूर्वी आपण कोणता रॉड सर्वाधिक जाळणार आहोत हे ठरवावे. ग्रिल आणि पातळ चौकोनी पाइपसाठी २.५ मिलिमीटरचा रॉड लागतो आणि तो साधारण ७० ते १०० अँपिअरवर चालतो. ३.१५ मिलिमीटरला ९० ते १३० आणि ४ मिलिमीटरला १४० ते १८० अँपिअर लागतात. ट्रॉलीचा चॅसिस, जाड चॅनल किंवा शेडचे खांब यांच्यासाठी ४ मिलिमीटरचा रॉड दिवसभर चालवता आला पाहिजे. केवळ ग्रिल करणाऱ्याला मात्र ४०० अँपिअरचे धूड घेऊन काही उपयोग नाही.

मशीनवरच्या क्षमतेच्या पाटीवरचा आकडा वाचताना त्याच्या शेजारचा टक्का वाचणे फार महत्त्वाचे आहे. '३०० अँपिअर, ६० टक्के' याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे ३०० अँपिअर आणि उरलेली चार मिनिटे विश्रांती असा होतो. तेच मशीन अखंड चालवायचे असेल, तर ते सुमारे २३० अँपिअरच पेलू शकते. याउलट '२०० अँपिअर' असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या एखाद्या लहान इन्व्हर्टरवर (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणाऱ्या हलक्या वेल्डिंग मशीनवर) बारीक अक्षरांत २० किंवा ३० टक्के लिहिलेले असते; २० टक्क्यांचे असे मशीन अखंड कामासाठी जेमतेम ९० अँपिअरचे असते. टक्क्याचा उल्लेखच नसेल, तर त्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

विजेचा विचारही आधीच व्हायला हवा. ट्रान्सफॉर्मर मशीन १६० अँपिअरवर चालताना सुमारे १२ केव्हीए ओढते, म्हणजे दोन फेजवर ४१५ व्होल्टला २९ अँपिअरच्या आसपास आणि सिंगल फेजवर २३० व्होल्टला पन्नासच्या वर. तेवढ्याच कामाला इन्व्हर्टर २३० व्होल्टवर साधारण ३० अँपिअर घेतो. गावठाणात सिंगल फेजचेच कनेक्शन असेल, तर जुने मोठे ट्रान्सफॉर्मर मशीन कितीही स्वस्त मिळाले तरी ते आपल्या कामाचे नाही. शेतीपंपाच्या फीडरवर थ्री फेज वीज दिवसाचे ठरावीक तासच असते आणि शेतीच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणे नियमात बसत नाही. महावितरणकडे वर्कशॉपसाठी मंजूर भार किती आहे आणि तो वाढवून मिळण्यास किती काळ लागेल, याची चौकशी मशीनची चौकशी करण्याआधी करावी.

वाइंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनची निम्मी किंमत त्याच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेत, असते. ॲल्युमिनियम वाइंडिंगची मशीन वाईटच असतात असे नाही, पण तितक्याच प्रवाहाला ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा बरीच जाड लागते, आणि स्वस्तात बनवलेल्या मशीनमध्ये ती तशी वापरलेली नसते. शिवाय ॲल्युमिनियमचे जोड कालांतराने ढिले होऊन जळतात. म्हणून ॲल्युमिनियमचे मशीन घ्यायचे झाल्यास ते ॲल्युमिनियमच्याच भावाने घ्यावे. सगळी अडचण होते ती तांब्याच्या नावाने ॲल्युमिनियम विकले जाते तेव्हा.

एअर-कूल्ड मशीनचे बाजूचे पत्रे चार स्क्रू काढले की निघतात. आत वार्निशच्या थराखाली दोन्ही धातू सारखेच तपकिरी दिसतात, त्यामुळे केवळ पाहून निर्णय देऊ नये. मालकाच्या परवानगीने, वीज पूर्ण बंद करून, टर्मिनलकडे येणाऱ्या पट्टीचा एक कोपरा ब्लेडने हलकेच खरवडावा. तांबे असेल तर लालसर चमक दिसते, ॲल्युमिनियम असेल तर पांढरी. तांब्यावर कथिलाचा मुलामा असतो तेव्हा वरून पांढरे दिसते, म्हणून थोडे खोल खरवडावे. आणि तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमही बाजारात असते, म्हणून जिथे तारेचे कापलेले टोक दिसेल तिथे त्याचा आतला रंग पाहावा. बाहेरचे टर्मिनल तांब्या-पितळेचे असणे हा वाइंडिंगचा पुरावा नव्हे.

वाइंडिंग पुन्हा भरलेले असेल, तर ते लपवण्याचे कारण नसते. चांगल्या कारागिराने मूळ मापाच्या तारेने आणि मूळ वेढ्यांनी भरलेले मशीन निर्धास्त घ्यावे. वेढ्यांत फरक झाला असेल, तर तो मल्टिमीटरने पकडता येतो. रॉड न जाळता होल्डर आणि अर्थ यांच्यामधील व्होल्टेज मोजल्यास ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये ते साधारण ७० ते ८० व्होल्ट मिळायला हवे. ते ५० च्या आसपास असेल, तर ६०१३ चा (सर्वसाधारण कामाचा) रॉड कसाबसा पेटेल, पण ७०१८ सारखा लो-हायड्रोजन रॉड वारंवार चिकटेल किंवा विझेल. ते ८० च्या वर असेल, तर रॉड सहज पेटतो हे खरे, पण घामेजलेल्या हाताला ते धोक्याचे आहे. एसी मशीनसाठी मानकांनी ठेवलेली मर्यादा ८० व्होल्टचीच आहे आणि दमट, अरुंद जागेतील कामासाठी ती ४८ व्होल्ट आहे. काही इन्व्हर्टरमध्ये सुरक्षेसाठी हे व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवणारी सोय असते, तिथे कमी आकडा दिसला म्हणून घाबरू नये.

पुरात बुडालेले मशीन

ही गोष्ट आपल्या भागात विशेष लक्षपूर्वक पाहावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नदीकाठच्या अनेक वर्कशॉपमधील यंत्रे दोन्ही वेळा दिवसचे दिवस पाण्यात राहिली. त्यांतील काही नीट सुकवून, वार्निश करून आजही उत्तम चालत आहेत. काहींवर मात्र वरवर रंग चढवून ती हात बदलत फिरत आहेत.

रंग बाहेरून लागतो, गाळ आत राहतो. पत्रा काढल्यावर टॉर्चच्या उजेडात कोअरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याच्या, पट्ट्यांमधील फटी पाहाव्यात. कृष्णेचा गाळ अगदी बारीक असतो. तो वाळल्यावर त्या फटींत आणि कॉइलच्या थरांमध्ये करडा-तपकिरी थर होऊन बसतो, आणि हवेच्या झोताने उडणाऱ्या वर्कशॉपमधील काळ्या धुळीपेक्षा तो लगेच वेगळा ओळखू येतो. पत्र्याच्या आतल्या बाजूला एका समान उंचीवर गंजाची किंवा मातीची आडवी रेघ दिसते. खालचे नटबोल्ट गंजलेले आणि वरचे स्वच्छ असतील, तर पाणी कुठवर आले होते हे त्यांवरूनच समजते. पंख्याची बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखर करते. इन्व्हर्टरच्या बोर्डवर सोल्डरच्या ठिपक्यांभोवती हिरवट-पांढरी भुकटी जमलेली असते. असा इन्व्हर्टर आज कितीही सुरळीत चालत असला तरी घेऊ नये, कारण ती झीज थांबत नाही आणि पहिल्या दमट पावसाळ्यात बोर्ड जातो.

ऑइल-कूल्ड मशीनमध्ये पाणी तळाशी साचते, म्हणून वरचे झाकण उघडून तेल पाहणे पुरेसे नाही. तळाच्या प्लगमधून अर्धा ग्लास तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढावे आणि काही तास, जमल्यास रात्रभर, बाटली न हलवता ठेवावी. पाणी असेल तर ते खाली वेगळे उतरते आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. नवे ट्रान्सफॉर्मर ऑइल फिकट पिवळे आणि पारदर्शक असते. वापराने ते गडद होते, त्यात वावगे काही नाही, पण काळे पडलेले आणि जळका वास येणारे तेल हे वाइंडिंग वारंवार तापल्याचे लक्षण आहे.

त्यानंतर मेगर, म्हणजे वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा विरोध मोजणारे उपकरण, लावावा. स्वतःकडे नसेल, तर मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावे. ती मजुरी कधीच वाया जात नाही. वीज तोडून, ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये किमान ५ मेगाओम, तर प्रत्येक वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये किमान २.५ मेगाओम मिळायला हवेत. पावसाळ्यात थोडा कमी आकडा आला, तर मशीन उन्हात वाळवून पुन्हा मोजता येते. वाळवूनही आकडा चढत नसेल, तर ते मशीन सोडून द्यावे, कारण त्याच्या होल्डरमध्ये मेनची वीज उतरण्याचा धोका असतो. इन्व्हर्टर किंवा थायरिस्टर रेक्टिफायरला (एसीचे डीसी करणाऱ्या मशीनला) मात्र थेट मेगर लावू नये. आधी इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा न केल्यास चाचणीतच तो जळेल.

लोडवरची चाचणी

चाचणीला जाताना आपले रॉड, आपला क्लँप मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) आणि १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे न्यावेत. विक्रेत्याने दिलेले २.५ मिलिमीटरचे रॉड घेऊन केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. ४ मिलिमीटरचा ६०१३ रॉड घेऊन मशीन १६० अँपिअरवर ठेवावे आणि सेकंडरी केबलला क्लँप मीटर लावून प्रत्यक्ष प्रवाह किती येतो ते सोबतच्या माणसाला वाचायला सांगावे. ट्रान्सफॉर्मरला साधा एसी क्लँप मीटर चालतो. रेक्टिफायर आणि इन्व्हर्टर यांच्यासाठी डीसी मोजणाराच लागतो. जुन्या मशीनवर प्रवाह दाखवणारी पट्टी आणि प्रत्यक्ष प्रवाह यांत दहा-वीस अँपिअरचा फरक असणे स्वाभाविक आहे. पट्टीवर १६० आणि मीटरवर ११० असे दिसत असेल, तर वाइंडिंगमध्ये, जोडांमध्ये किंवा येणाऱ्या विजेत दोष आहे. नेमके कुठे हे कळण्यासाठी त्याच वेळी येणारे व्होल्टेजही मोजावे, म्हणजे बारीक एक्स्टेंशन वायरचा दोष मशीनच्या माथी मारला जाणार नाही आणि मशीनचा दोष वायरच्या नावावर खपवला जाणार नाही.

मग सलग रॉड जाळावेत, फक्त रॉड बदलण्यापुरते थांबावे. एक रॉड दीड ते दोन मिनिटे चालतो, त्यामुळे इन्व्हर्टर आणि एअर-कूल्ड मशीनसाठी पाच-सहा रॉड पुरतात. ऑइल-कूल्ड मशीन फार हळू तापते, त्याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो, आणि म्हणूनच ते संध्याकाळी पाहण्याचा आग्रह आहे. खरोखर ३०० अँपिअरचे आणि ६० टक्क्यांचे मशीन १६० अँपिअर अखंड पेलण्यास समर्थ असते. या चाचणीतच वार्निशचा वास येऊ लागला, तर पाटी खोटी आहे किंवा वाइंडिंग थकले आहे. पहिल्या रॉडचा आणि शेवटच्या रॉडचा प्रवाह जुळतो का ते पाहावे. वीज बंद केल्यावर केबलचे लग आणि टर्मिनल हाताने चाचपावेत. एकच टर्मिनल चटका बसण्याइतके तापले असेल, तर तिथला जोड ढिला किंवा जळका आहे, आणि हा दोष दुरुस्त होण्यासारखा असल्याने घासाघीस करण्यास उपयोगी पडतो.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, ते ठीक. पण कोअर खडखडत असेल, तर पट्ट्यांचे बोल्ट किंवा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या चाकाचा स्क्रू झिजलेला असतो. ते चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहावे आणि वेल्डिंग करताना ते आपोआप सरकत नाही याची खात्री करावी.

थ्री फेज रेक्टिफायर असेल, तर तिन्ही फेजचा प्रवाह लोडवर एकामागून एक मोजावा. ते जवळपास सारखे असावेत. एखाद्या फेजचा आकडा फारच वेगळा येत असेल आणि आर्क खरबरीत, गुरगुरल्यासारखी चालत असेल, तर एखादा डायोड किंवा थायरिस्टर गेलेला असतो. जुन्या अडवाणी ऑर्लिकॉनच्या, म्हणजे आजच्या एडॉर वेल्डिंगच्या, किंवा इसाबसारख्या मोठ्या कंपन्यांच्या रेक्टिफायरमध्ये असा भाग बदलून मिळण्याची शक्यता बरीच असते. नाव-पत्ता नसलेल्या आयात इन्व्हर्टरचा बोर्ड मिळत नाही, आणि माझ्या मते जुन्या इन्व्हर्टरची किंमत ठरवताना हाच प्रश्न पहिला विचारावा की याचा बोर्ड सांगली-मिरजेत किंवा निदान पुण्यात कोणी दुरुस्त करतो का. इन्व्हर्टर उघडायचा झाल्यास प्लग काढून काही मिनिटे थांबावे. सिंगल फेज मशीनमधील कपॅसिटरवर सुमारे ३२५ आणि थ्री फेजमध्ये ५८० व्होल्टच्या वर भार साठलेला असतो. आत फुगलेले कपॅसिटर, काळे पडलेले ठिपके आणि हाताने ओढलेल्या जोडतारा दिसतात का ते पाहावे.

सीओटू मशीनबद्दल (रॉडऐवजी सलग तार, गॅसच्या आवरणात) थोडक्यात सांगायचे तर वीज देणारा भाग सहसा टिकतो. झिजतात ते तार पुढे ढकलणाऱ्या फीडरचे रोलर, टॉर्चमधील लायनर (तार जाते ती आतली नळी) आणि गॅस हीटर. तार न अडखळता एकसारखी येते का हे टॉर्चची केबल थोडी वळवून पाहावे. टॉर्च नवीन घ्यावी लागेल असे धरूनच भाव करावा. टिगमध्ये (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या वेल्डिंगमध्ये) स्पर्श न करता ठिणगी पडते का, एवढे आधी पाहावे, आणि ॲल्युमिनियमचे काम करायचे असेल तर मशीन एसीवरही चालते याची खात्री करावी.

केबल आणि गॅसचे साहित्य

मशीनसोबत 'केबल फ्री' असे सांगितले जाते तेव्हा केबलचे टोक सोलून पाहावे. ५० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये मीटरमागे सुमारे ४५० ग्रॅम तांबे असते, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचे वजन १३५ ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे दहा मीटरची गुंडाळी हातात घेताच फरक जाणवतो. चांगली तांब्याची जुनी केबल ही मशीनइतक्याच गांभीर्याने घेण्याजोगी वस्तू आहे.

गॅस कटिंगचे जुने साहित्य घेण्याबाबत माझे मत कडक आहे. टॉर्चची बॉडी जुनी चालेल. रेग्युलेटर, रबरी नळ्या आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत उलटी शिरू न देणारा भाग) नवेच घ्यावेत. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लागलेले असेल, तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते, आणि जुन्या रेग्युलेटरला आधी कोणी काय लावले होते हे आपल्याला ठाऊक नसते. ॲसिटिलीनची नळी तांब्याच्या पाइपच्या तुकड्याने जोडलेली दिसली, तर ती तिथेच काढून टाकावी, कारण तांबे आणि ॲसिटिलीन यांच्यापासून स्फोटक संयुग तयार होते. ॲसिटिलीन तयार करणारी कार्बाइडची जुनी टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. सिलिंडर भंगारातून किंवा खासगी माणसाकडून कधीच घेऊ नये. बहुतेक सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचे असतात, त्यांची ठरावीक मुदतीत दाबचाचणी झालेली असावी लागते आणि गॅस सिलिंडर नियम, २०१६ त्यांना लागू आहेत.

भाव, कागद आणि पहिला दिवस

भाव ठरवताना दोन आकडे खिशात असावेत: त्याच क्षमतेच्या आणि त्याच धातूच्या वाइंडिंगच्या नव्या मशीनचा आजचा दर आणि आतल्या तांब्या-लोखंडाचा भंगाराचा दर. चाचणीत उतरलेल्या तांब्याच्या ट्रान्सफॉर्मरला नव्याच्या निम्म्यापर्यंत द्यायला हरकत नाही, कारण तो पडला तरी भंगाराची किंमत हाती राहते. इन्व्हर्टर पडला की हाती काहीच राहत नाही, म्हणून त्याला एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये. गळीत हंगामाच्या आधी ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची घाई असते आणि त्या काळात विक्रेता भाव सोडत नाही; निवांत खरेदी करायची असेल तर ती घाई टाळावी. कुपवाड, मिरज किंवा पलूसच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या युनिटचे सामान लिलावात निघते तेव्हा ते 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर असते, म्हणजे पाहणीच्या दिवशी न पाहिलेला दोष आपलाच होतो. बोलीच्या रकमेवर जीएसटी, उचलण्याचा खर्च आणि वाहतूक धरूनच हिशेब करावा.

पावतीवर मशीनचा सिरियल नंबर, क्षमता आणि वाइंडिंगचा धातू लिहून घ्यावा. खासगी व्यक्तीकडून घेताना तिच्या ओळखपत्राची प्रत आणि सही घ्यावी, कारण बांधकामाच्या साइटवरून मशीन आणि केबल चोरीला जाण्याचे प्रकार घडतात. सिरियल नंबरची पाटी खरवडलेली असेल, तर व्यवहार करू नये.

मशीन घरी आणल्यावर काम सुरू करण्याची घाई करू नये. पत्रे काढून कोरड्या हवेने धूळ उडवावी, सगळे जोड आवळावेत, मेनची जुनी केबल आणि प्लग बदलावेत आणि बॉडीला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. वेल्डिंगची अर्थ केबल ही बॉडीची अर्थिंग नव्हे. त्या दोन्ही वेगवेगळ्या आणि दोन्ही आवश्यक आहेत. मशीन जमिनीपासून वीतभर उंच लाकडी किंवा लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून थोडे अंतर सोडून ठेवावे, योग्य क्षमतेचा एमसीबी बसवावा आणि पहिल्या आठवड्यात रोज काम संपल्यावर टर्मिनल किती तापले आहे ते वीज बंद करून हाताने पाहावे.